‘घरी’ म्हणजे नक्की कुठे?
मुंबई-पुणे, १९२ किलोमीटर. १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन हे अंतर साधारण सव्वातीन तासांत कापते. मनाला मात्र जास्त वेळ लागतो, बॉस! मुंबईत लोकल पाच मिनिटं लेट झाली की जीव कासावीस. पुण्यात भर दुपारी दुकानाचं शटर खाली दिसलं तरी आपण निमूट माघारी फिरतो. घाट चढायला कर्जतला गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात. आपल्याला कोण ढकलणार?

टूथब्रश दोन्हीकडे आहेत, चार्जरही. ‘घर’ हा शब्द मात्र एकच. शुक्रवारी ऑफिसात म्हणते, ‘घरी चाललेय.’ रविवारी रात्री मुंबईहून फोन, ‘आई, घरी पोचले गं.’

परवा आई म्हणाली, ‘अगं, घरून तर गेलीस ना?’

यावर काय बोलणार, सांगा!