हात चालतोय, की नुसता भास?

२३ जानेवारी २०१५. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली पुरुषांची सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीग. गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनने सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये, अवघ्या १२ मिनिटांत, ३७ गुण केले. १३ शॉट मारले, १३ही आत! त्यातले ९ तर तीन गुणांचे.

हे बघणारा कुणीही म्हणेल, आज याचा हात चालतोय. बास्केटबॉलमध्ये याला ‘हॉट हँड’ म्हणतात. लागोपाठ दोन-तीन शॉट आत गेले की पुढचाही जायची शक्यता वाढते, असा हा समज. पण तीसेक वर्षं संख्याशास्त्राचं उत्तर होतं: तसं काही नसतं, तुम्हाला भास होतोय.

हे उत्तर आलं १९८५ साली. थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी आधी १०० प्रेक्षकांना विचारलं. त्यातल्या ९१ जणांचा हॉट हँडवर विश्वास होता. मग त्यांनी एनबीएमधल्या फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सच्या १९८०-८१च्या हंगामातल्या ४८ घरच्या सामन्यांची आकडेवारी तपासली. लागोपाठ तीन शॉट आत गेल्यावर पुढचा शॉट ४६% वेळा आत गेला, आणि लागोपाठ तीन चुकल्यावर ५६% वेळा. म्हणजे उलटंच!

अर्थात सामन्यात एक गोची असते. खेळाडू रंगात आला की प्रतिस्पर्धी त्याला चिकटून राहतात, आणि तोही आत्मविश्वासाने अवघड शॉट घेतो. म्हणून संशोधकांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या २६ खेळाडूंना समोर कुणीही आडवं न येता प्रत्येकी साधारण १०० शॉट मारायला लावले. तीन आत गेल्यावर पुढचा आत जाण्याचं सरासरी प्रमाण ४९%, तीन चुकल्यावर ४५%. फरक किरकोळ. विषय संपला, असंच सगळ्यांना वाटलं.

आता वही-पेन घ्या. एक नाणं तीनदा उडवायचं. एकूण आठ शक्यता. प्रत्येकीत ‘छाप्यानंतर लगेच पुन्हा छापा’ किती वेळा आला, ते मोजू (छा = छापा, का = काटा):

छा छा छा – २ पैकी २, म्हणजे १००%
छा छा का – २ पैकी १, म्हणजे ५०%
छा का छा – ०%
छा का का – ०%
का छा छा – १००%
का छा का – ०%
का का छा आणि का का का – छाप्यानंतर नाणं उडवलंच नाही, म्हणून बाद

उरलेल्या सहांची सरासरी? २५० भागिले ६, साधारण ४२%. ५०% नाही! नाणं अगदी खरं आहे, तरीही.

का? ‘छा छा छा’मध्ये छाप्यानंतरचे दोन छापे आहेत, पण सरासरी काढताना ती ओळ एकदाच मोजली जाते. ‘छा का का’मध्ये एकच संधी, तीही हुकलेली, पण तिचं वजन तेवढंच. सगळ्या संधी एकत्र मोजल्या तर ८ पैकी ४, म्हणजे बरोबर ५०% येतात. ओळीओळीने टक्केवारी काढून मग सरासरी घेतली की उत्तर खाली घसरतं.

हा मुद्दा जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सानहुर्हो यांनी पकडला. त्यांचा शोधनिबंध २०१८ साली ‘इकॉनोमेट्रिका’मध्ये आला. प्रत्येकी १०० शॉट आणि तीनची मालिका घेतली, तर कसलाही हॉट हँड नसलेल्या ५०%वाल्या खेळाडूचंही सरासरी प्रमाण तीन आत गेल्यावर ४६%च्या आसपास येतं, आणि तीन चुकल्यावर तितकंच वर, ५४%च्या आसपास. म्हणजे काहीच घडत नसताना फरक उणे ८ दिसायला हवा होता. कॉर्नेलमध्ये तो अधिक ४ होता! दुरुस्ती केल्यावर फरक निघाला सुमारे १३ टक्के-अंकांचा. त्याच आकड्यांतून, नवा एकही शॉट न मारता.

मग प्रेक्षक जिंकले का? पूर्णपणे नाही. १९८५च्या पाहणीत त्यांचा अंदाज होता की ५०%वाला खेळाडू एक शॉट आत गेल्यावर पुढचा ६१% वेळा आत टाकेल. कॉर्नेलचा आकडा तीनच्या मालिकेचा आहे, आणि तोही मोकळ्या कोर्टवरचा. खऱ्या सामन्यांत शॉटची अवघडता हिशेबात धरली तर परिणाम दिसतो, पण तो लहान असतो. माणसं फुगवून सांगतात हे खरं, पण शून्यातून काही रचत नव्हती.

मला यातलं सगळ्यात टोचणारं हे वाटतं: ती चूक आठ ओळींत दाखवता येते आणि तरी ती तीस वर्षं कुणाला दिसली नाही. कारण निकाल ‘लोक भाबडे असतात’ असा होता, आणि तो आपल्यासारख्यांना पटकन पटतो. आयुष्यभर कोर्टवर घालवलेले खेळाडू आणि प्रशिक्षक ‘नाही हो, असतं तसं’ म्हणत राहिले, पण त्यांचं म्हणणं भास या खात्यात गेलं. पुढच्या वेळी तुमचा डेटा एखाद्या अनुभवी माणसाला खोटं ठरवत असेल, तर आधी तीच रीत साध्या नाण्यावर चालवून बघा. नाण्यावर ५०% येत नसेल, तर गडबड त्या माणसात नाही, मोजण्यात आहे.