गॅलॅक्टोजची कळ

उल्हासनगरच्या बेकरीत मैदा मळून झाकून ठेवला की थोड्या वेळात परात भरून येते. गोळा फाडून पाहिला तर आत जाळी पडलेली असते, आंबूस वास येतो. ही करामत ज्या यीस्टची, त्याच्यावरच जनुकशास्त्राची कितीतरी हत्यारं घडली. त्यातला एक धागा लोकलच्या वाटेजवळच्या पवईत, आयआयटीत सापडतो, म्हणून हा विषय घेतला.

इतिहास थोडक्यात असा: केंद्रक असलेल्या जिवांपैकी संपूर्ण जनुकसंच सगळ्यात आधी वाचला गेला तो यीस्टचा, १९९६ साली. १६ गुणसूत्रं, सुमारे सहा हजार जनुकं. पुढे एकेक जनुक काढून टाकलेले हजारो वाण तयार झाले, प्रत्येकाला डीएनएच्या २० अक्षरांची खूण. सगळे एकाच चंबूत वाढवायचे आणि मागे कोण पडलं ते खुणा मोजून ओळखायचं. ही युक्ती मला फार देखणी वाटते.

पण जीव गुंतला तो गॅलॅक्टोजमध्ये. दुधातल्या साखरेचा हा अर्धा भाग. ग्लुकोज संपून तो समोर आला की यीस्टमधलं गॅल३ हे प्रथिन त्याला धरतं आणि गॅल८०ला अडकवतं. गॅल८०च्या पकडीतला गॅल४ सुटतो आणि साखर पचवणारी जनुकं जागी करतो; हीच ती कळ. या गॅल४चे दोन तुकडे करून १९८९मध्ये स्टॅनली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी प्रथिनांच्या जोड्या शोधायची पद्धत काढली. २०००मध्ये प्रथिनं जनुकसंचात नेमकी कुठे बसतात हे डीएनए-चिपवर दाखवलं गेलं, तेव्हाही नमुन्याला गॅल४ होताच.

गॅल३ मोडलं तरी कळ दाबली जाते, मात्र कित्येक दिवसांनी. हे १९४८पासून माहीत होतं. पी. जे. भट यांनी जेम्स हॉपर यांच्याबरोबर १९९२मध्ये दाखवलं की गॅल१ हे पचनाचं प्रथिनही भरपूर असेल तर गॅल३चं काम करतं. भटांनी पुढे आयआयटीत वर्षानुवर्षं हीच कळ उकलली. एका साखरेपाशी इतकं ठाण मांडणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटतो.

काळजी वेगळीच आहे: प्रयोगशाळेत उकललेलं बेकरीतल्या यीस्टलाही लागू पडेल का? प्रयोगशाळेतला प्रमाण वाण मुख्यतः १९३८मध्ये कॅलिफोर्नियातल्या सडक्या अंजिरावर सापडलेल्या यीस्टचा वंशज. पावाच्या यीस्टमध्ये गुणसूत्रांच्या प्रती बहुधा दोनांहून जास्त. एक जनुक उडवलं तरी उरलेल्या प्रती काम रेटतात. शिवाय एकाच चंबूतल्या, एकाच वाणाच्या काही पेशी लवकर जाग्या होतात, काही मागे राहतात, आणि जनुकं किती जागी आहेत हे चिपवर मोजलं तर मिळते ती सगळ्यांची सरासरी. फरक पकडायचा तर पेशीगणिक आरएनए, म्हणजे जाग्या जनुकांची नक्कल, वाचायला हवा. यीस्टच्या एका पेशीत तो असतो अगदी थोडा, आणि भोवतीची भिंत इतकी चिवट की ती फोडतानाच त्यातला बराचसा हातचा जाऊ शकतो.