बीळ बुजवून ससा जात नाही

सोयाबीन चार पानांवर आलं की एक सल्ला गावोगाव फिरू लागतो. आधी फोनवर व्हिडिओ येतो, मग कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर कुणीतरी तेच सांगतो, आणि संध्याकाळी पारावर त्याला दुजोरा मिळतो: रोपं खुडतोय तो ससा, बांधावरची बिळं शोधा, प्रत्येकात धान्याच्या कोठीत ठेवतात ती गोळी टाका, वरून चिखल लावून तोंड बंद करा, ससे संपले.

हे ऐकून ऐकून कान किटले. सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही बिळातून ससा बाहेर पडताना पाहिलेला नसतो आणि तसा तो दिसणारही नाही, कारण आपल्या रानातला ससा बीळ करतच नाही.

महाराष्ट्राच्या माळावर, शेतात आणि विरळ जंगलात आढळणारा ससा म्हणजे काळमान्या ससा, शास्त्रीय नाव लेपस निग्रिकॉलिस. मानेवर काळा डाग आणि शेपटीची वरची बाजू काळी, ही त्याची खूण. दिवसभर तो गवताच्या बुडाशी किंवा झुडपाखाली अंगापुरता खळगा करून पडून असतो. लपण्यावर त्याचा इतका भरवसा, की माणूस अगदी पायापाशी येईपर्यंत हलत नाही. मग एकदम उसळतो आणि वेड्यावाकड्या उड्या घेत दिसेनासा होतो. सांज झाली की चरायला निघतो. पिल्लंही उघड्यावरच जन्मतात, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन. बीळ नाही, म्हणून निसर्गाने त्यांना जन्मतःच तयार करून पाठवलेलं असतं.

बिळं करतो तो युरोपातला ससा, ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. पिंजऱ्यात पाळलेला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा त्याच्याच वंशातला. त्याची पिल्लं उघडीबोडकी आणि आंधळी जन्मतात, त्यामुळे त्यांना बीळ लागतंच. त्याची मादी महिनाभरात विते आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज देते. आपल्या रानातल्या सशिणीला सुमारे सहा आठवडे लागतात आणि पिल्लं एक ते तीन, क्वचित चार. दोघांची प्रजातीच काय, वंशही वेगळा आणि त्यांचा संकर होत नाही. महाराष्ट्राच्या रानात हा युरोपीय ससा नाही.

मग बिळाची कथा आली कुठून? बहुतेक ऑस्ट्रेलियातून. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने व्हिक्टोरियातल्या आपल्या बारवन पार्क या इस्टेटीवर शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून २४ ससे मागवले. पुढे ऑस्ट्रेलियाभर जो हैदोस झाला त्याचं मूळ मुख्यतः याच सशांत आहे, असं जनुकीय पुराव्यावरून दाखवणारा शोधनिबंध २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. त्या देशाने हजारो किलोमीटर कुंपण घातलं आणि १९५० साली मिक्सोमॅटोसिसचा विषाणू सोडला. सुरुवातीला ससे पटापट मेले. काही वर्षांत विषाणू सौम्य झाला, उरलेल्या सशांत प्रतिकारशक्ती आली आणि संख्या पुन्हा वाढली. तिथे आजही ट्रॅक्टरने बिळांची जाळी उखडून काढणं हा खात्रीचा उपाय आहे, कारण तिथला ससा त्या बिळांवर जगतो. हे सगळं तिथं बरोबर आहे. तोच व्हिडिओ मराठी आवाज लावून इथे फिरवला की रोग एकाचा आणि औषध दुसऱ्याला असा प्रकार होतो. ‘आपणही तो विषाणू सोडावा’ असंही कुणी कुणी सुचवतात. बाहेरून आणलेल्या प्राण्यावर सोडलेलं हत्यार इथल्या मूळच्या, कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्यावर कुणी आणि कशासाठी सोडायचं?

बांधावरच्या बिळात ससा नाही, पण बीळ रिकामं असतं असंही नाही. उंदीर आणि घूस असते, मुंगूस असतो, घोरपड असते, खोकड असतं, साप तर असतोच. ती गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्यावर नेमका उतारा नाही. वारा फिरला तर तो टाकणाऱ्याच्याच नाकात जातो. ही गोळी कुणी आणि कशी वापरायची यावर सरकारी निर्बंध आहेत, ते उगाच नाहीत. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती मेली तर तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि किमान २५,००० रुपये दंड. खोकड, धामण आणि रानमांजर उंदीर खातात, संधी मिळाली तर सशाची पिल्लंही. म्हणजे सशाच्या नावाने टाकलेल्या गोळीने ससा वाचतो आणि त्याला खाणारे मरतात. यापेक्षा उलटं काम ठरवूनही जमणार नाही.

दुसरा गैरसमज कायद्याचा. ‘ससा उंदराच्याच जातीचा, उंदीर मारायला परवानगी लागत नाही, मग सशाला का?’ ससा उंदराच्या जातीचा नाही. उंदीर, घूस आणि खार हे कृंतक. सशाच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक बारीक जोडी असते आणि त्याचा गण वेगळा धरला जातो. कायद्यातही हा फरक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या जुन्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत, उंदीर होते. ससा चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली आणि आता ससा दुसऱ्या अनुसूचीत आहे. ‘आमचे आजोबा तर उघड मारायचे’ हे खरं असेल, कारण तेव्हा परवान्यावर लहान शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली.

‘पीक वाचवायला मारला तर गुन्हा नाही’ हे तर वकिलाच्या थाटात सांगितलं जातं. कलम ११ मधली सूट माणसाच्या जिवाच्या रक्षणापुरती आहे, पिकाच्या नाही. त्याच कलमात उभ्या पिकाचा उल्लेख येतो, पण तिथे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देतो. शेतकऱ्याने स्वतःच ठरवायचं नसतं. कलम ६२ खाली केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी एखादा प्राणी उपद्रवी ठरवू शकतं. २०१५-१६ मध्ये बिहारात रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात शिमल्यात माकड असं झालं. त्यांत ससा नव्हता. फासा किंवा जाळं लावणंही कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे, ससा सापडो न सापडो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता मुद्द्याचं. रोपं खाल्ली ती सशानेच कशावरून? शेतात जाऊन देठ बघा. सशाचे वरचे आणि खालचे दात धारदार असल्यामुळे तो कोवळा देठ तिरपा आणि स्वच्छ कापतो, चाकूने कापल्यासारखा. हरणाला वरचे पटाशीचे दात नसतात; ते ओढून तोडतं, म्हणून टोक फाटलेलं दिसतं. रानडुक्कर माती उकरतं. लेंड्याही बघा: सशाच्या गोल, किंचित चपट्या आणि आत गवताचा भुसा, हरणाच्या लांबट, एका टोकाला निमुळत्या. सशावर ढकललेलं निम्मं नुकसान इथेच दुसऱ्याच्या नावावर जाईल असं माझं मत आहे. ससा लहान आहे आणि दिसतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो.

नुकसान खरंच सशाचं असेल तरी सगळ्या पिकांत ते सारखं नसतं. सोयाबीन आणि मुगाची बीजदलं मातीवर येतात. त्यांच्या खालून देठ कापला गेला तर वर फुटायला डोळाच उरत नाही, रोप गेलंच. तूर आणि हरभऱ्याची बीजदलं मातीतच राहतात, त्यामुळे वरचा शेंडा गेला तरी रोप खालून फुटू शकतं. हरभऱ्याचे शेंडे तर फांद्या वाढाव्यात म्हणून आपणच खुडतो. तेव्हा हरभऱ्यात चार शेंडे गेले म्हणून फास लावायला निघू नका. सोयाबीनच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांवर लक्ष द्या. देठ टणक झाले की सशाचा त्यातला रस कमी होतो.

त्या आठवड्यांपुरता चालणारा उपाय साधा आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी एक इंची भोकांची तारेची जाळी, जमिनीपासून अडीच फूट उंच, आणि खालची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला दुमडून मातीवर दगडांनी दाबलेली. ससा जाळीच्या बुडाशी येऊन उकरू पाहतो आणि दुमडलेल्या पट्टीवरच उभा असतो. सगळ्या शेताला परवडत नसेल तर रोपवाटिकेला आणि माळाला लागून असलेल्या बाजूला लावा. विदर्भ-मराठवाड्यात जुन्या साड्या बांधतात, त्याही चालतात, फक्त काठ जमिनीला टेकलेला हवा. गुडघ्यावर फडफडणारी साडी सशासाठी कमान आहे. मासेमारीची नायलॉनची जाळी टाळा. तिच्यात धामण अडकून मरते आणि उंदीर वाढतात. बांधालगतचं गवत हंगामाच्या सुरुवातीला पिकापासून थोडं मागे कापून ठेवलं तर सशाला लपायची जागा दूर जाते.

उरलेले गैरसमज पटापट. झटका मशीन लावलं की सगळं अडतं? खालची तार फूटभर उंच असेल तर ससा तिच्याखालून निघून जातो, आणि तार खाली आणली तर गवत लागून झटका उतरतो, म्हणून तारेखालची सफाई रोजची. थेट वीज सोडलेली तार? ती माणसं मारते. पुढे बोलण्यासारखं काही नाही. फोरेटच्या पुरचुंड्या? हे कीटकनाशक ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, आणि त्याआधीही ते सशासाठी नव्हतं. बुजगावणं आणि चमकणाऱ्या पट्ट्या? चार दिवस घाबरतो, मग सरावतो. गाजर सशाचं आवडतं खाणं? ते चित्रांतलं, रानात त्याचं पोट गवतावर आणि पाल्यावर चालतं.

आणि कोळपताना किंवा कापणीत सशाचं एकटं पिल्लू सापडलं तर ते आईने टाकलेलं नसतं. सशीण दिवसभर मुद्दाम लांब राहते आणि दूध पाजायला बहुधा अंधार पडल्यावर येते. घरी नेऊन गाईचं दूध पाजलेली पिल्लं सहसा जगत नाहीत, शिवाय रानातला ससा पाळणं बेकायदा आहे. पिल्लू तिथंच राहू द्या, कुत्रं बांधून ठेवा, आणि तेवढा कोपरा दुसऱ्या दिवशी कापा.