दहा पौंड आणि अठ्ठेचाळीस तास

२-३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडमधून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेले. वस्तीसाठीचा भोंगा वाजला, पण लगेच बंद केला गेला. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांना कोणत्या वायूवर उपचार करायचे हेच कळेना. भोपाळवर पुष्कळ लिहिले गेले. मात्र गळतीची वर्दी कोणी, कोणाला आणि किती वेळात द्यायची, हा रुक्ष प्रश्न मागेच राहिला. त्यासाठी मी दोन देशांचे कायदे ताडून पाहिले.

ऑगस्ट १९८५मध्ये याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातील कारखान्यात गळती झाली आणि शंभरावर माणसे रुग्णालयात गेली. १९८६मध्ये अमेरिकेने कायदा केला. त्याचा कणा म्हणजे वजन. क्लोरिन किंवा मिथाइल आयसोसायनेट १० पौंड (जेमतेम साडेचार किलो), अमोनिया १०० पौंड. २४ तासांत एवढे रसायन सुटून कुंपणाबाहेर गेले, की राज्याच्या आणि स्थानिक आपत्ती समितीला तत्काळ कळवायचे. कोणी खोकले की नाही, हा प्रश्नच येत नाही. रसायनाचे नाव, अंदाजे वजन, सुटल्याची वेळ, प्रकृतीवरचे परिणाम, वैद्यकीय सल्ला, घरे सोडायची का, हे सारे सांगायचे. सविस्तर लेखी अहवाल मागाहून. हमीदियातल्या डॉक्टरांना त्या रात्री हवे होते ते नेमके हेच.

आपले धोकादायक रसायनांविषयीचे नियम १९८९चे. 'मोठा अपघात' झाल्यास ४८ तासांत कळवा, असे ते सांगतात. मोठा म्हणजे कोणी दगावले, आवारात दहा जण किंवा बाहेर एक जण जखमी झाला, अथवा विषारी रसायन सुटून आणीबाणीची वेळ आली. तिथे आधी वजन मोजतात, इथे आधी माणसे. आणीबाणी आली का, हे पहिल्यांदा ठरवणार कारखानाच!

गंमत अशी, की भोपाळच्या तीन वर्षे आधीचा, १९८१चा हवा प्रदूषण कायदा याहून कडक आहे. अपघाताने मर्यादेबाहेर उत्सर्जन झाले, किंवा तशी नुसती शक्यता दिसली, तरी कलम २३प्रमाणे तत्काळ कळवायचे. पण कळवायचे ते प्रदूषण मंडळाला आणि नेमलेल्या यंत्रणांना. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला धोक्याची माहिती आधीच देऊन ठेवण्याचे बंधन १९८९च्या नियमांत आहे; गळतीच्या घटकेला त्याला जागे करतो तो भोंगाच. ७ मे २०२०च्या पहाटे विशाखापट्टणममध्ये स्टायरीन सुटले, तेव्हा हा भोंगा वाजवलाच गेला नाही, असे राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने नोंदवले आहे.