आधी करंट, मग पेट्रोल

जुनी फियाट गॅरेजला आली की मालक रंगाचं विचारतात. मी रंगाकडे शेवटी बघतो. या फियाटचं, म्हणजे प्रीमिअर पद्मिनीचं, १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे. तपासणीचा क्रम पाळला तर दोष सापडतोच.

नेहमीची तक्रार घ्या : थंड असताना गाडी सुरळीत, तापली की बंद, थोड्या वेळाने पुन्हा चालू. लगेच कार्बोरेटर खोलणं मला मुळीच पटत नाही. गाडी बंद पडलेली असतानाच तपासायला हवी, कारण इंजिन निवलं की दोष लपतो. आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, ते बघून प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीत धरायची, टोक इंजिनच्या धातूपासून पाचेक मिलिमीटरवर ठेवायचं आणि स्टार्टर मारायला सांगायचा. ठिणगी निळी, कडकडीत असेल तर करंट ठीक. पिवळी, मरगळलेली असेल तर संशय कॉइलवर किंवा कंडेन्सरवर. पॉइंट जळून खड्डे पडलेले दिसले, तर आधी कंडेन्सर बदलून बघतो.

करंट चांगला, मग पेट्रोल. पंप इंजिनलाच बसवलेला. उन्हाळ्यात त्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत राहतो. पंपावर ओलं फडकं ठेवल्यावर गाडी सुरू झाली, की निदान झालं. मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्यांना ही युक्ती पाठ होती.

गाडी ओढत नसेल तर कॉम्प्रेशन मोजतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. चढला तर रिंगा झिजल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट, आणि हेड उतरवावंच लागतं.