संतांशी नातं : नवसाचं की वळणाचं?

१ नोव्हेंबर जवळ आला आहे. त्या दिवशी कॅथलिक घरांमध्ये सर्व संतांचा सण असतो. दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात. कबरी झाडायच्या, फुलं वाहायची, मेणबत्त्या लावायच्या. त्या निमित्ताने आज संतांबद्दल बोलू या.

शेजारणी आम्हाला नेहमी विचारतात, "तुम्ही देव एकच मानता, मग इतके संत कशाला?" आणि आमच्या जपमाळेच्या गटातल्या बायका दुसराच प्रश्न विचारतात, "इतकी वर्षं संतांना विनवतोय, पण आपल्यात काय बदललं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसरा प्रश्न टोचणारा आहे.

आधी सोपं घेऊ. संत हा शब्द मराठवाड्याला नवा नाही. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबा ही आपल्याच मातीतली माणसं. कुणी कपडे शिवणारं, कुणी दळण दळणारं, कुणी मडकी घडवणारं. कॅथलिक ख्रिस्तसभेत संत म्हणजे असा माणूस, जो प्रभू येशूच्या मागे चालत जगला आणि आता स्वर्गात देवाजवळ आहे, अशी ख्रिस्तसभेने जाहीर ग्वाही दिली आहे. ही ग्वाही एका दिवसात मिळत नाही. त्या व्यक्तीचं सगळं जीवन, लिखाण, साक्षी तपासतात. आधी 'देवाचा सेवक', मग 'आदरणीय', मग 'धन्यवादित' आणि शेवटी 'संत', अशा पायऱ्या असतात. त्यात चमत्कारांचीही कसून चौकशी होते.

आता संतांची आपण पूजा करतो का? नाही. आराधना फक्त देवाची. संतांना मान द्यायचा आणि 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हणून विनंती करायची. घरात लेकरू आजारी पडलं की आपण शेजारच्या मावशीला म्हणतो ना, "मावशी, आमच्यासाठी प्रार्थना करा"? तेव्हा मावशी देव होत नाही. संतांकडे मध्यस्थी मागणं हे तसंच आहे. बरं करणारा देवच.

संत म्हणजे फक्त परदेशी फादर आणि सिस्टर असंही नाही. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते, मग फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला २५ सोबत्यांबरोबर त्यांना क्रुसावर मारलं. १८६२ साली ते संत ठरले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा २००८ साली संत झाल्या, कोलकात्याच्या मदर तेरेजा २०१६ साली. तमिळनाडूचे देवसहायम तर संसारी गृहस्थ होते; ते २०२२ साली संत ठरले.

आता टोचणाऱ्या प्रश्नाकडे येऊ.

सप्टेंबरात पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाला श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. लांबलांबून बाया येतात, सगळ्या धर्मांच्या येतात. कुणाला लेकरू हवं, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटायला हवी, कुणाच्या लेकीचं लग्न अडलेलं. आईपाशी मागण्यात वाईट काहीच नाही. पण आपण मागतो, मिळालं की मेणबत्ती लावतो, आणि परत येतो ते जसेच्या तसे. असं असेल तर आपलं संतांशी नातं दुकानदाराशी असतं तसंच राहिलं.

आमचीच गोष्ट सांगतो. २०१६ चा उन्हाळा आठवतो ना? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत टँकरच्या रांगेत घागर पुढे सरकवण्यावरून आमच्या गटातल्या दोघींचं वाजलं. बोलणं बंद झालं. पाऊस आला, तळी भरली, पण बोलणं बंदच. त्या दोघी नऊ दिवसांच्या नोव्हेनाला एकाच चटईवर बसायच्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. आणि आम्ही बाकीच्या? आम्ही दोघींच्या चुगल्या आलटून पालटून ऐकायचो. म्हणजे जपमाळ सगळ्यांच्या हातात होती, आणि पाप सगळ्यांच्या तोंडात.

तेव्हा आम्ही संत तेरेजाचं चरित्र गटात वाचायला घेतलं. ही फ्रान्समधल्या लिझ्यू गावची. चार वर्षांची असताना आई वारली. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी, अवघ्या २४ व्या वर्षी, क्षयाने गेली. मोठं काम काहीच केलं नाही. पण मठात कपडे धुताना समोरची सिस्टर घाण पाणी तिच्या तोंडावर उडवायची. आधी तिला वाटलं, मागे सरून तोंड पुसावं, म्हणजे समोरचीला कळेल. मग तिने ठरवलं, हे शिंतोडे देवासाठी निमूट घ्यायचे. ज्या सिस्टरचं वागणं तिला मुळीच आवडत नव्हतं, तिच्याशी ती मुद्दाम हसून बोलायची. यालाच तिचा 'छोटा मार्ग' म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. याचा अर्थ नवऱ्याचा मार सोसा, सासरचा छळ गिळा, असा मुळीच नाही. अन्याय होत असेल तर आवाज उठवायचा, मदत मागायची. छोटा मार्ग आहे तो आपल्या अहंकारासाठी, आपल्या जिभेसाठी.

आणि हे फक्त मठातलं नाही. तेरेजाची आई झेली लेस विणण्याचा धंदा चालवायची. नऊ लेकरं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. शेवटी स्तनाच्या कर्करोगाने तीही गेली. २०१५ साली तिला आणि तिच्या नवऱ्याला, लुईला, एकत्रच संत म्हणून जाहीर केलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पावित्र्याबद्दल एक पत्र लिहिलं. त्यात बाजाराला निघालेल्या एका बाईचं उदाहरण आहे. वाटेत शेजारीण भेटते, कुणाची तरी उणीदुणी निघतात, आणि ही मनात म्हणते, मी कुणाबद्दल वाईट बोलणार नाही. पोप म्हणतात, ही पावित्र्याची एक पायरी झाली. असे संत आपल्या शेजारीच राहतात.

मग आम्ही काय केलं? मोठं काही नाही. प्रत्येकीने एक संत निवडला आणि त्याचं चरित्र वाचलं. वाचता येत नाही तिला दुसरीने वाचून दाखवलं. त्या संताची एकच सवय आठवडाभर धरायची. रात्री दिवा मालवण्याआधी दोन मिनिटं बसून स्वतःला विचारायचं : आज देवाचे आभार कशासाठी? आज कुणाला दुखावलं? उद्या काय सुधारू? आणि महिन्यातून एकदा पापनिवेदन.

त्या दोघींचं काय झालं? एकदम गळ्यात गळे पडले नाहीत. आधी एकीने दुसरीची घागर भरून उंबऱ्यापाशी ठेवली, काही न बोलता. काही दिवसांनी दुसरीने वाटीभर कालवण पाठवलं. आता कामापुरतं बोलतात, कधी कधी हसतात. आम्हीही चुगल्या सोडल्या म्हणणार नाही, पण तोंडाशी आलेलं निम्मं परत गिळतो.

जाता जाता एक आठवण. तेरेजाचा मृत्युदिन आणि आपल्या किल्लारीच्या भूकंपाचा दिवस एकच, ३० सप्टेंबर. १९९३ साली गणपती विसर्जन करून झोपलेली गावं पहाटे चारच्या आत जमीनदोस्त झाली. तेव्हा कुणी ढिगारे उपसले, कुणी भाकरी थापून पाठवल्या, कुणी अनोळखी लेकरं उराशी धरली. जात-धर्म न विचारता. त्यांची नावं कुठल्याही यादीत नाहीत. सर्व संतांचा सण अशांचाही असतो, ज्यांना फक्त देव ओळखतो.

या १ नोव्हेंबरला मेणबत्ती जरूर लावा. पण ज्या दारासमोरून आपण मान वळवून जातो, त्या दारापाशी एकदा थांबा.