बहुवारिक-मिश्रणांच्या पातळ पटलांची पृष्ठरचना

दोन द्रव परस्परांत मिसळतात, त्याचे श्रेय बव्हंशी एन्ट्रॉपीकडे जाते. बहुवारिकांच्या बाबतीत हा आधार दुबळा ठरतो; कारण शेकडो एकके एकाच शृंखलेत बांधली गेल्यामुळे त्यांच्या मांडणीचे पर्याय फार घटतात. फ्लोरी व हगिन्स यांनी १९४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडलेल्या सिद्धान्ताचे हे एक सार होय. म्हणूनच पॉलिस्टायरीन व पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट ही बहुवारिके टोल्यूइनच्या विरल विद्रावात एकत्र नांदतात. परंतु टोल्यूइन उडून जाऊ लागताच विलग होतात.

हा विद्राव वेगाने फिरणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीवर टाकला असता अल्पावधीत सुमारे शंभर नॅनोमीटर जाडीचे पटल मिळते. त्यावर उंचवटे व खळगे दिसतात. उंचवटा कोणत्या घटकाचा, हे केवळ आकृतीवरून ठरविता येत नाही. सायक्लोहेक्झेनमध्ये पॉलिस्टायरीन तेवढे विरघळते, अ‍ॅसेटिक अम्लात दुसरे. धुण्यापूर्वीच्या व नंतरच्या पृष्ठांची अणुबल-सूक्ष्मदर्शकाने तुलना केली की उलगडा होतो. वाल्हाइम, श्टायनर प्रभृतींनी १९९७ साली या मार्गाने दाखविले की, उंचवटे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचे असतात. टोल्यूइन हे पॉलिस्टायरीनचे अधिक चांगले द्रावक असल्याने ते त्या भागात शेवटपर्यंत टिकते. दुसरा भाग आधीच घट्ट झालेला असतो; पॉलिस्टायरीनचा फुगलेला भाग मागाहून आटतो व खाली बसतो.

तेव्हा ही रचना समतोलाची नव्हे, तर गोठलेल्या घाईची खूण आहे. दोन्ही बहुवारिकांचे काचसंक्रमण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. पटल त्याहून बरेच अधिक तापविले, तर शृंखलांना गती येते, ध्रुवीय पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट चकतीवरील सिलिकॉन ऑक्साइडला बिलगू लागते आणि आद्य रचना बदलते. द्रावक व तापनाचा इतिहास न नोंदता केवळ पृष्ठचित्रावरून मिश्रणाच्या ऊष्मागतिकीविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

या गोठलेपणाचा उपयोगही होतो. १.५२ वक्रीभवनांकाच्या काचेवरील परावर्तन एकाच थराने नाहीसे करावयाचे, तर त्या थराचा वक्रीभवनांक सुमारे १.२३ हवा. मॅग्नेशियम फ्लुओराइडचाही तो १.३८ भरतो. १९९९ साली याच मिश्रणातील पॉलिस्टायरीन धुऊन काढून सच्छिद्र पटल सिद्ध करण्यात आले. छिद्रे प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान असल्याने प्रकाशाला हवा व बहुवारिक यांची केवळ सरासरी जाणवते, आणि ती अपेक्षित मूल्यापर्यंत उतरविता येते.